नळाला मीटर: जनमत पाहणी कशी करावी, पत्रकात काय टाकावं?

पत्रकवाला
साडेतीन लाख वस्तीचं शहर. पालिका नळांना मीटर बसवणार, विरोध होणार हे उघड. जनसंपर्काचं काम आमच्याकडे. क्लायंट म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गूगल फॉर्म फिरवा, पाच-सहा हजार उत्तरं येतील, मग "नागरिकांचा मीटरला पाठिंबा" असं प्रसिद्धिपत्रक काढू. मोहीम संपली की पुन्हा तेच करून फरक दाखवू. हे टिकेल का? पहिला प्रश्न असा ठरलाय: "शहराच्या शाश्वत विकासासाठी पाण्याचे मीटर आवश्यक आहेत असे आपणास वाटते का? होय / नाही."

टक्केटोणपे
नाही टिकणार. आकडा मोठा म्हणजे पाहणी खरी, हा समज १९३६ सालीच मोडलाय. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी अध्यक्षीय निवडणुकीत लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतले, शिवाय ज्याला चीड तोच उत्तर पाठवतो. तुमच्या फॉर्मचंही तेच होईल. एखाद्या नगरसेवकाच्या ग्रुपवर लिंक गेली की निकाल त्याचाच.

सरळ चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली तर ३८५ जणांत ±५ टक्के मिळतात, म्हणजे आकडा खऱ्यापासून फार तर पाच टक्के इकडेतिकडे. पण घरोघरी जाताना गटाने घरं घ्यावी लागतात, आणि एका गल्लीतले लोक सारखंच बोलतात, कारण जलवाहिनी एक, पाण्याची वेळ एक. म्हणून दीडपट धरा: ४० ठिकाणं × १५ घरं = ६००. ठिकाणं मतदान केंद्रांच्या यादीतून चिठ्ठीने काढा. तिथून ठरलेल्या दिशेने दर पाचवं घर. दार उघडणाऱ्यालाच विचारलं तर गृहिणी आणि निवृत्त मंडळीच जास्त येतात, तेव्हा घरातल्या प्रौढांपैकी कुणाला विचारायचं तेही चिठ्ठीने ठरवा. कुलूप असेल तर दोनदा परत जा.

आणि पाणी येण्याच्या तासाभरात कुणाच्या दारात जाऊ नका. बादल्या भरणाऱ्या बाईंना तुमचा फॉर्म कशाला हवाय? जलवाहिनी फुटली असेल तर त्या भागातलं काम आठवडाभर पुढे ढकला.

उंबरठा
तुमच्या प्रश्नाला "नाही" कोण म्हणणार? शाश्वत विकास कुणाला नको? वर शुद्ध सरकारी भाषा, त्यामुळे अर्धे लोक भिडेखातर "होय" म्हणून सुटका करून घेतील. दोन्ही बाजू सारख्या वजनाने मांडा: "काही जण म्हणतात, जेवढं वापरलं तेवढंच बिल यावं. काही म्हणतात, सगळ्यांना सारखी पाणीपट्टी असावी. तुमचं मत कशाच्या जवळ जातं?" अर्ध्या फॉर्मांत क्रम उलटा ठेवा. "सांगता येत नाही" हा रकाना छापा, पण वाचून दाखवू नका.

त्याआधी एक गाळणी हवी: "तुमच्याकडे पाणीपट्टी कोण भरतं?" भाडेकरूच्या हातात बिल येतच नाही. सोसायटीत बहुधा एकच जोडणी असते, फ्लॅटवाल्याला ते पैसे मेंटेनन्समध्ये जातात एवढंच ठाऊक. स्वतः बिल भरणारा, भाडेकरू आणि फ्लॅटवाला या तिघांची उत्तरं एकत्र मिसळली की निकालाची खिचडी होते.

फॉर्म पक्का करण्यापूर्वी आठ-आठ जणांच्या दोन बैठका घ्या, एक चाळ-वस्तीतली, एक सोसायट्यांची. पाण्याऐवजी हवेनेच मीटर फिरेल का, ही भीती तिथे निघाली तर मोहिमेचा पहिला मजकूर तोच. मग २०-२५ घरांत चाचणी. फॉर्म दहा मिनिटांच्या वर गेला की लोक मान डोलवायला लागतात.

पाहणीवाल्यांच्या गळ्यात पालिकेचं ओळखपत्र नको. ते दिसलं की माणूस एकतर गोड बोलतो नाहीतर गटाराची तक्रार सांगत बसतो. संस्थेचं ओळखपत्र घाला, पाहणी कुणासाठी ते शेवटी सांगा.

पत्रकवाला
६०० समजलं. पण क्लायंटला प्रभागनिहाय टक्केवारी हवी आहे, तीही दशांशासकट. आणि फरक दाखवायचं काय?

टक्केटोणपे
दशांश काढून टाका, ६०० लोकांत त्याला अर्थ नाही. प्रभागनिहाय तर देऊच नका, एका प्रभागात जेमतेम ३०-४० फॉर्म पडतील. भाडेकरू विरुद्ध मालक एवढी तुलना चालेल.

फरकाचं गणित अजून कडक आहे. दोन्ही पाहण्या ६०० च्या असतील तर सात टक्क्यांखालचा बदल मोजू नये. पाठिंबा ३१ वरून ३६ झाला तर "वाढला" असं पत्रकात लिहू नका. प्रश्नांचे शब्द, क्रम, पाहणीचा हंगाम तोच ठेवा. पहिली मेमध्ये आणि दुसरी ऑगस्टमध्ये केली तर मोजाल तो पाऊस.

उंबरठा
पत्रकाबद्दल: किती जण, कोणत्या तारखा, निवड कशी, पैसे कुणाचे आणि प्रश्न जसाच्या तसा, हे तळाशी द्याच. चांगला बातमीदार पहिला फोन त्यासाठीच करतो. विरोधाचा आकडाही तुम्हीच द्या, नाहीतर तो माहिती अधिकारात निघेल आणि मग मथळा दुसऱ्याचा असेल.

यश मोजताना कात्रणांची जाहिरातदराने किंमत (तेवढ्या जागेत जाहिरात दिली असती तर किती पडले असते) लावू नका. जनसंपर्काचं यश कसं मोजावं हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनीच ती पद्धत नाकारली आहे. मीटरसाठी आलेले अर्ज आणि बसवायला गेलेल्यांना दारातून परत पाठवलेली घरं दर आठवड्याला मोजा. १५ टक्के फॉर्म खरंच भरून घेतले का ते फोनवर तपासून घ्या, आणि ते झालं की नाव-नंबराचा रकाना उत्तरांपासून वेगळा करून पुसून टाका. पालिकेने "विरोधकांची यादी द्या" म्हटलं तर द्यायला काही उरू नये.