कुमसार झाला, तेर्स झाला, तरी आंब्याची पेटी बघवत नाही

कलमवाला, देवगड
घरची चाळीसेक हापूसची कलमं. मागचे दोन हंगाम मोहोर करपला, पण पेट्यांचे पैसे आधीच घेऊन बसलो होतो. मग कर्नाटकचा माल उतरवला, आमच्याच पेंढ्यात रचला आणि देवगड म्हणून पुण्याला धाडला. सतरा गिऱ्हाइकं. त्या आंब्याची साल जाड असते, जाणत्याला कळतं. पण बाबांच्या वेळेपासूनची माणसं, साल कोण चाचपून बघणार?

यंदा राखेच्या बुधवारानंतर (त्या दिवशी आमचा उपवासकाळ सुरू होतो) कुमसाराला (पापनिवेदनाला) गेलो. फादरांनी पाच दिवस तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सांगितला, पापमुक्ती दिली. तेर्स म्हणून झाला. तरी पेटी दिसली की पोटात गोळा येतो. माफी मिळाली नाही असं समजायचं? परत जाऊन तेच सांगू?

वेंगुर्ल्याचा
मी प्रॉटेस्टंट, त्यामुळे कुमसाराचं मला विचारू नका. पण बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र, १:९ काढा. पाप पदरी घेतलं तर देव क्षमा करतो आणि शुद्धही करतो, दोन्ही तिथेच आहे. आणि का करतो, तर तो विश्वासू आणि न्यायी आहे म्हणून. तुम्हाला हलकं वाटलं की नाही, याचा तिथे उल्लेखच नाही. पोटातला गोळा म्हणजे देवाचा निकाल नव्हे.

वसईची मावशी
बाळा, आधी एक सांग. फादरांना नेमकं काय सांगितलंस? "धंद्यात थोडी लबाडी झाली" असं, की सतरा घरं, दोन हंगाम, पैसे घेऊन? मी स्वतः कितीतरी वर्षं "रागावते, खोटं बोलते" एवढ्यावर भागवलंय, म्हणून विचारते.

नीट सांगितलं असशील तर पाप गेलं, तेच परत सांगायची गरज नाही. पण ज्याचं घेतलं त्याला परत करायचं, हे पापमुक्तीने सुटत नाही. आपली चर्चची शिकवणही तीच. पाप सुटतं, केलेली नासाडी भरायची राहते. लूक १९ मधला जक्कय आठव. झाडावर चढला होता तो जकातवाला. येशू आधी म्हणाला, आज तुझ्या घरी उतरणार. चौपट परत देण्याचं जक्कय नंतर बोलला. पैसे मोजून त्याने येशूला घरी आणलं नव्हतं. घरी पाहुणा आला, मग त्याला तिजोरी बघवेना. तुला पेटी बघवत नाही, तसंच असेल.

रत्नागिरीकर बागायतदार
तुमच्या धर्मातलं मला कळत नाही, मी गणपतीवाला. पण २०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच भेसळीला कंटाळून. तुम्ही गिऱ्हाइकाला फसवलंत, तसं आम्हालाही. फरकाचे पैसे परत करा. चर्चा पुरे.

कलमवाला, देवगड
मावशी, बरोबर पकडलंत. "हिशोबात गडबड" एवढंच बोललो होतो. शनिवारी परत गेलो, सगळं सांगितलं. फादर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, वही आण.

वही काढली. पहिला फोन कोथरूडला. बाई म्हणाल्या, "अहो, आंबे गोडच होते की!" आता यावर काय बोलणार? तरी फरक पाठवला. दुसऱ्याने शिव्या घातल्या, पैसे घेतले, पुढच्या वर्षी नको म्हणाला. तिसऱ्या घरी आजोबा वारलेत, मुलाला कशाचे पैसे ते कळेना. आजोबा बाबांचे जुने गिऱ्हाईक होते. त्या फोननंतर दिवसभर काही सुचलं नाही.

चौदा राहिलेत. दोन नंबर पाण्याने पुसलेत. त्यांचं काय करू?

वसईची मावशी
आधी शोध. पुण्यातल्या इतर गिऱ्हाइकांना विचार. नाहीच सापडले तर तेवढी रक्कम गरिबाला द्यायची, चर्चमध्ये हीच रीत सांगतात. स्वतःच्या खिशात मात्र ठेवायची नाही.