मदत हवी आहे : पावसाच्या सुरुवातीला अक्रा, आणि नेमकी तेव्हाच ढोलबंदी

नमस्कार मंडळी,

घानाची राजधानी अक्रा येथे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पत्नीसह जाण्याचे ठरत आहे. माझा भाचा अक्राजवळच्या टेमा बंदरात नोकरीला असून त्याचा करार जूनअखेर संपतो, त्यामुळे त्याच्याकडे राहायचे तर याच दिवसांत जावे लागेल. प्रवास पुढे ढकलण्याची सोय नाही. मी तबला शिकवतो. पश्चिम आफ्रिकेतील तालवाद्ये, विशेषतः अक्रा ज्यांची मूळ भूमी आहे त्या गा लोकांचा क्पानलोगो हा ढोलांच्या साथीने होणारा नाच-वादनाचा प्रकार, समोर बसून ऐकावा आणि वाजवणाऱ्यांकडून जमेल तेवढे शिकून घ्यावे, ही फार जुनी इच्छा आहे.

अडचण अशी की, भाच्याने चौकशी केल्यावर कळले, नेमक्या याच काळात अक्रामध्ये ढोल वाजवण्यावर आणि मोठ्या आवाजावर बंदी असते. पहिल्या पावसावर मक्याची विधिपूर्वक पेरणी होते आणि त्यानंतरचे सुमारे ३० दिवस, ऑगस्टमधल्या होमोवो या सणाच्या बऱ्याच आधी, शहराने शांत राहावे, असा गा समाजाचा दंडक आहे. चातुर्मासात आपल्याकडे लग्नाचे ताशे थांबतात, तसेच हे असावे असे समजून मी त्याकडे आदरानेच पाहतो आहे, आणि कोणत्याही आडवाटेने ही बंदी चुकवावी असा माझा हेतू नाही. पण ज्यासाठी एवढ्या दूर जायचे तेच ऐकायला मिळणार नसेल, तर सहलीची आखणी कशी बदलावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. बंदी साऱ्या देशाला लागू असते की फक्त अक्रापुरती? अक्राबाहेर, एका दिवसात गाठता येईल अशा अंतरावर, कोठे वादन ऐकायला मिळेल?

दुसरा प्रश्न पावसाचा. अक्राचा वर्षभराचा पाऊस सुमारे ८०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी, असे वाचले. तरीही ३ जून २०१५ रोजी तेथे पूर आला, क्वामे एन्क्रुमा सर्कल या मोठ्या चौकाजवळ पेट्रोल पंपाला आग लागली आणि १५० हून अधिक माणसे दगावली, हेही वाचले. इतक्या कमी पावसाच्या शहरात असे का व्हावे, आणि आम्ही कोठे उतरणे टाळावे? समुद्रकाठच्या दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, सैल पडून सूर उतरतो, म्हणून वाद्य बरोबर न्यावे की नाही, हेही ठरत नाही.

आम्हा दोघांचेही वय साठीच्या पुढे आहे. पत्नी पूर्ण शाकाहारी आहे. लसी, हिवतापाची औषधे आणि जेवण यांविषयी ज्यांना माहिती असेल त्यांनी अवश्य लिहावे.

प्रतिसाद :

नमस्कार. टेमामध्ये माझे बरीच वर्षे वास्तव्य होते, त्यामुळे आपला प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

सर्वांत आधी लसीचे पाहा, कारण तिला वेळ लागतो. घानामध्ये प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, आणि परत येताना भारतातही तो विचारतात. दाखला नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी दाखला ग्राह्य होतो आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामाचा धोका, दुर्मीळ असला तरी, तरुणांपेक्षा अधिक असतो, म्हणून केंद्रावर जाण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी दोघांनीही बोलावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. हिवताप तेथे वर्षभर असतो आणि तो बहुतांशी फाल्सिपेरम या घातक प्रकारचा असतो. प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात; डॉक्सिसायक्लीन दिली तर ४ आठवडे, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिली तर ७ दिवस. कोणती घ्यावी हे डॉक्टरच सांगतील, पण घरी आल्यावर बरे वाटते म्हणून मध्येच थांबवू नका.

आता बंदीविषयी. ती गा लोकांच्या भूमीपुरती, म्हणजे अक्रा आणि आसपासच्या गावांपुरती असते. गा माशी, ओसू, ला, तेशी, नुंगुआ, टेमा या प्रत्येक गावाच्या तारखा थोड्याफार वेगळ्या असतात, परंतु मध्य अक्रामध्ये ती साधारणपणे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येते. तारखा दरवर्षी पारंपरिक मंडळे जाहीर करतात. या काळात चर्चमधील प्रार्थनाही इमारतीच्या आत आणि ढोलांशिवाय व्हावी अशी अपेक्षा असते, आणि महापालिका, पोलीस व पारंपरिक मंडळे यांची पथके लक्ष ठेवून असतात. भाच्याच्या घरी खिडक्या लावून रियाज केला तरी चालेल असे समजू नका. शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय तबल्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र आपली इच्छा अपुरी राहण्याचे कारण नाही. अक्राहून पूर्वेला, सोगाकोपे येथे व्होल्टा नदीचा पूल ओलांडून सुमारे दीडशे किलोमीटरवर केटा आहे. हा आन्लो-एवे लोकांचा प्रदेश असून गा लोकांची बंदी तेथे लागू नाही. आपण तालाचे अभ्यासक आहात, म्हणून सांगतो, मला स्वतःला क्पानलोगोपेक्षा एवे वादन अधिक गुंतागुंतीचे वाटले. गानकोगुई ही दोन तोंडांची लोखंडी घंटा एकच ठेका अखंड धरून ठेवते, तिला आक्सात्से हा मणी गुंफलेला भोपळ्याचा खुळखुळा साथ करतो, कागानू, किडी आणि सोगो हे लहानमोठे ढोल आपापली जागा न सोडता एकमेकांत गुंततात, आणि आत्सिमेवू हा माणसाच्या उंचीचा, तिरका टेकवून ठेवलेला मुख्य ढोल त्या सर्वांना बोलावतो आणि वळवतो. सुरुवातीला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधू नका, घंटेकडे कान ठेवा. ढोलांच्या कडेला खुंट्या असतात आणि त्या ठोकून कातडे चढवतात. तबल्याचे गठ्ठे, म्हणजे वाद्यांखालचे लाकडी ठोकळे, ठोकून सूर लावणाऱ्या हाताला हे काम पाहताक्षणी ओळखीचे वाटेल.

तेथे शनिवारी-रविवारी अंत्यविधी होतात आणि त्यांत आग्बाद्झा हा नाच हमखास असतो. ते दुःखाचे प्रसंग असल्यामुळे ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबरच जावे, आधी वडीलधाऱ्यांना भेटून परवानगी मागावी, प्रथेप्रमाणे श्नॅप्स या कडक मद्याची बाटली आणि थोडी वर्गणी द्यावी, आणि विचारल्याशिवाय फोन वर करू नये. अभ्यासाच्या अंगाने बोलायचे असेल तर अक्राजवळ लेगोन येथील घाना विद्यापीठाच्या प्रयोगकला विभागाला निघण्यापूर्वीच पत्र लिहा. क्वाबेना एन्केतिया (१९२१-२०१९) यांच्यासारख्या संगीत-अभ्यासकाने तेथे काम केले आहे, आणि बंदीच्या काळातही चर्चा करायला हरकत नसते.

पाऊस कमी असला तरी तो एकदम कोसळतो. एप्रिल-मेमध्ये वादळी ढगांचा पट्टा पूर्वेकडून येतो, आधी धूळ उडवणारा थंड वारा सुटतो, मग तासा-दोन तासांत सगळे ओतून जाते आणि त्यानंतर काही दिवस कोरडे ऊन पडते. जून हा सर्वांत ओला महिना. शहराचे बरेच पाणी ओडॉ नाल्याने कोर्ले खाजणातून समुद्राला मिळते. तो मार्ग गाळ, प्लॅस्टिक आणि काठावरच्या बांधकामांनी आवळला गेला आहे, म्हणून सर्कल आणि कानेशी हे भाग थोड्या पावसातही तुंबतात. भाच्याकडे टेमाला राहणे उत्तम. आभाळ भरून आले की त्या बाजूने जाणारी त्रोत्रो, म्हणजे तिथली सामायिक मिनीबस, पकडू नका, पाऊस ओसरेपर्यंत आहात तेथेच थांबा. या महिन्यांत समुद्रही खवळायला लागतो, त्यामुळे लबादीच्या किनाऱ्यावर पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नये.

जेवणाची मोठी अडचण येणार नाही. रेड-रेड म्हणजे पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेली पिकली राजेळी केळी. वाच्ये म्हणजे ज्वारीच्या पानांनी तांबूस झालेला चवळी-भात. दोन्ही घेताना मासळी घातली आहे का हे विचारावेच, आणि वाच्येवर वाढणारी काळी शितो चटणी वहिनींनी टाळावी, कारण तिच्यात सुकी मासळी आणि सुकट असते.

तबला अवश्य न्या, पण एकच जोडी, आणि हातोडी सामानात चेक-इन करा, केबिनमध्ये ती अडवतील. केटाच्या वादकांना तो दाखवण्यासाठी मात्र वादन संपून मंडळी निवांत झाल्यावरची वेळ निवडा.