ब्लॉगच्या आकड्यांची बेरीज का जुळत नाही?

रानभाजीवाली (पेण)

नमस्कार मंडळी. मी वर्डप्रेस.कॉमवर रानभाज्यांबद्दल ब्लॉग लिहिते. टाकळा, कुलू, भारंगी, करटोली आणि सगळ्यांत जास्त लोक जिच्यासाठी येतात ती शेवळं. लिहायची सवय आहे, आकडे बघायची नव्हती. भाच्याने फोनवर ते स्टॅट्सचं पान उघडून दिलं आणि तेव्हापासून सकाळचा चहा त्या आलेखातल्या खांबांकडे बघत होतो. बघून कळत काहीच नाही, नुसता जीव वरखाली होतो.

रोजचे व्हिजिटर्स मिळवले तर आठवड्याचे 140 होतात, पण आठवड्याचा खांब 96 म्हणतो. बँकेत नोकरी केलेल्या बाईला अशी बेरीज झोपू देत नाही हो.

लेखांच्या यादीत सगळ्यांत वर कायम 'होमपेज / आर्काइव्हज'. मी अशी पोस्ट कधी लिहिलेलीच नाही. त्याच्याखाली शेवळं, आणि ज्या भारंगीच्या लेखासाठी कातकरी वाडीवरच्या बायांबरोबर डोंगर चढले, तो पार तळाला.

पुढचं आणखी अजब. क्रिप्टोवर इंग्रजीत लिहिणाऱ्या एका गृहस्थाला माझी भारंगी मिनिटभरात आवडते. त्यांना मराठी येतं यावर माझा विश्वास नाही. लाईक पडतो आणि व्ह्यूज तसेच. सबस्क्रायबर तीनशेच्या वर, आणि नवीन लेखाला दिवसभरात वीस माणसं. बाकीचे कुठे जातात?

भाचा गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर क्रिकेटबद्दल लिहितो, तेही मनात येईल तेव्हा. त्याचे व्ह्यूज माझ्या दुप्पट आणि त्यातले निम्मे सिंगापूरहून. सिंगापुरात मराठी क्रिकेटला एवढी मागणी?

प्रसिद्धी नको असं म्हणणार नाही, थोडी हवी आहे. पण हे आकडे माझ्याबद्दल नक्की काय सांगतात ते आधी कुणी समजावेल का?

आकडेमोड

ताई, बेरीज जुळत नाही कारण ती करायचीच नसते. व्हिजिटर म्हणजे त्या काळात आलेला वेगळा माणूस. तुमची वहिनी सोमवारी आली आणि गुरुवारीही आली, तर रोजच्या हिशोबात ती दोनदा आणि आठवड्याच्या हिशोबात एकदाच. व्ह्यूज मात्र मिळवता येतात, कारण पान जितक्यांदा उघडलं तितके ते. आणि 'माणूस' म्हणजे खरं तर ब्राउझर. वहिनीने एकदा फोनवर आणि एकदा लॅपटॉपवर वाचलं तर त्या दोन व्हिजिटर झाल्या. तुम्ही स्वतः लॉगिन करून कितीही वेळा आपला लेख उघडा, तो मोजला जात नाही, एवढा प्रामाणिकपणा त्यात आहे.

आता होमपेज. भारंगीवर अन्याय होतोय तो इथे. तुमच्या ब्लॉगचं पहिलं पान मी आत्ताच बघितलं. त्यावर सगळे लेख अख्खेच्या अख्खे एकाखाली एक आहेत. नेहमीचा वाचक ब्लॉगचा पत्ता टाकतो, तिथेच भारंगी शेवटपर्यंत वाचतो आणि निघून जातो. व्ह्यू पडतो होमपेजच्या खात्यात. शेवळं गूगलमधून शोधणारा माणूस थेट त्या लेखावर उतरतो, म्हणून तो लेखाच्या नावावर. म्हणजे तळाला दिसणारा लेख कदाचित तुमच्या सगळ्यांत जवळच्या वाचकांनी वाचलेला असेल. पहिल्या पानावर प्रत्येक लेखाचा थोडाच भाग दाखवा आणि पुढे 'पुढे वाचा' ठेवा (संपादकात 'मोअर' नावाचा ब्लॉक मिळतो), की हिशोब आपापल्या खात्यात जाईल. वाचक वाढणार नाहीत, कोण काय वाचतं ते कळेल.

'ऑल टाइम'ची यादी मात्र बघूच नका. तिथे जुना लेख नव्यापेक्षा नेहमीच मोठा, त्याला साठायला वर्षं मिळालेली असतात. तुलना करायचीच तर प्रत्येक लेखाचे पहिल्या 30 दिवसांतले व्ह्यूज घ्या. आणि सरासरी काढू नका, एका शेवळाच्या लेखाने सरासरी कुठच्या कुठे जाते. लेख चढत्या क्रमाने लावा आणि मधला बघा. तुमचा नेहमीचा लेख किती चालतो ते तो सांगेल.

क्रिप्टोवाले गृहस्थ: वर्डप्रेसच्या रीडरमध्ये (सगळ्या ब्लॉगांचे नवे लेख जिथे एका यादीत दिसतात) लेख न उघडता, यादीतूनच लाईक दाबता येतो. नवीन पोस्ट दिसली की दाबायचा, म्हणजे तुम्ही कुतूहलाने त्यांच्याकडे जाल. गेला होतात ना? झालं त्यांचं काम.

सबस्क्रायबरांना लेख ईमेलने पूर्ण जातो. तिथेच वाचला तर साइटवर व्ह्यू नाही. ईमेल किती उघडली गेली ते वेगळं दिसतं, पण तो आकडाही कच्चाच धरा. मेलमध्ये एक अदृश्य चित्र असतं, ते लोड झालं की 'उघडली' अशी नोंद होते. 2021 पासून ॲपलचं मेल ॲप वाचकाच्या परवानगीने ही चित्रं आधीच लोड करून ठेवतं. म्हणजे आयफोनवाल्याने न वाचताही उघडली, आणि चित्रं बंद ठेवणाऱ्याने वाचूनही नाही उघडली.

भाच्याचं सिंगापूर: बॉट्स, म्हणजे आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्रॅम. वर्डप्रेसची मोजणी वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट चालली तरच होते. बरेचसे बॉट ती चालवत नाहीत, म्हणून गळतात. जाहिराती अडवणारी साधनं वापरणारे खरे वाचकही कधीकधी त्यांच्याबरोबर गळतात, हा तोटा. ब्लॉगरच्या आकड्यात बॉट्सची भर चांगलीच असते, तिथे ब्लॉग असणाऱ्या कुणालाही विचारा. दोन वेगवेगळ्या तराजूंवरची वजनं आहेत ही, भाच्याशी स्पर्धा सोडा. त्याला एक मात्र सांगा: 'वाचक कुठून आले' या यादीत अनोळखी साइट दिसली तर क्लिक करू नको. काही बॉट मुद्दाम आपला पत्ता तिथे सोडून जातात, कारण ब्लॉगवाला तो उघडून बघतोच हे त्यांना माहीत असतं.

कोकणकडा

आकडेमोड यांना अनुमोदन. एक राहिलं: व्हॉट्सॲप. ताई, तुमचा शेवळांचा लेख आमच्या फॅमिली ग्रुपवर आला होता. लिंक नाही, अख्खा मजकूर कॉपी करून, खाली 'साभार' एवढंच. कुणाचे साभार ते नाही. तीस-चाळीस जणांनी वाचला असेल, तुमच्या खांबात शून्य. लिंक पाठवली तरी व्हॉट्सॲपहून आलेला माणूस कुठून आला ते बहुतेक वेळा दिसतच नाही. मराठीत सर्वांत जास्त वाचन जिथे होतं तिथे मोजणी नाही, हे धरूनच चाला.

सातासमुद्रापार (न्यू जर्सी)

मी तुमचा नेमाने वाचणारा वाचक, आणि तुमच्या कुठल्याच आकड्यात नाही. मी फीड रीडरमध्ये वाचतो, म्हणजे ब्लॉगांचे नवे लेख (त्यांची 'फीड') एका जागी आणून देणाऱ्या ॲपमध्ये. गूगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद पडला तेव्हा फीडलीवर गेलो, अजून तिथेच आहे. तुमची फीड पूर्ण मजकूर देते, त्यामुळे साइटवर यायची गरजच पडत नाही. इथे शेवळं मिळत नाहीत, मे महिना संपत आला की तुमचा लेख वाचून तोंडाला पाणी सोडतो, एवढंच.

विनंती: सेटिंगमध्ये फीड 'पूर्ण' ऐवजी 'सारांश' करता येते. केलीत तर माझे व्ह्यूज तुम्हाला मिळतील आणि माझ्या शिव्याही. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा.)

आकडेमोड

करू नका. व्ह्यूजसाठी वाचकाला दार ठोठवायला लावणं मला पटत नाही. पण मग त्यांनी वर्षातून एखादी कॉमेंट करावी, ही माझी उलट अट. कॉमेंट हा एकच आकडा असा आहे ज्यात माणूस नक्की दिसतो, तोही ॲकिस्मेटने (वर्डप्रेसच्या स्पॅम-गाळणीने) स्पॅम गाळल्यावर.

आणि ताई, खरोखर उपयोगाचं काही बघायचं तर गूगल सर्च कन्सोल जोडा. फुकट आहे. वर्डप्रेसच्या स्टॅट्समध्ये शोधशब्द बहुतेक 'अननोन' दिसतात, कारण गूगलने 2011 ते 2013 या काळात शोध एन्क्रिप्ट केले आणि ते शब्द साइटपर्यंत पोचणं थांबलं. कन्सोलमध्ये ते दिसतात: काय शोधल्यावर तुमचं पान दिसलं, किती जणांनी उघडलं, साधारण कितव्या जागी होतं. अगदी मोजक्या लोकांनी शोधलेले शब्द खासगीपणासाठी लपवले जातात. माहिती 16 महिने राहते, म्हणजे या जूनची गेल्या जूनशी तुलना करता येते. तुमचा विषय हंगामी आहे. मार्चमध्ये खांब बसला म्हणून रडण्यात अर्थ नाही, मार्चमध्ये शेवळं कोण शोधणार?

रानभाजीवाली (पेण)

भाच्याला बसवून कन्सोल जोडून घेतलं. आज यादी आली आहे आणि मी ती हसत वाचतेय. मला वाटायचं, लोक 'शेवळाची भाजी कृती' शोधत येतात. ते आहेतच, पण 'शेवळं घसा खाजतो', 'शेवळाची खाज उपाय', 'काकड फळ कुठे मिळते' असेही पुष्कळ. म्हणजे निम्म्यांनी आधी भाजी खाल्ली आणि मग मला शोधलं! आणि मी काय केलं होतं, सुरुवातीला माझ्या आजोळचं कौतुक आणि काकडं घालण्याचं शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. आता ते पहिल्या ओळीत आणलंय: काकडं नसतील तर भरपूर चिंचेचा कोळ घाला, नाहीतर घसा धरेल. आजोळ खाली सरकलं.

'काकड' शोधल्यावर माझं पान दिसतं पुष्कळांना, उघडतात फार थोडे. काकडावर वेगळा लेखच नाही माझा, म्हणून असेल. तो आता लिहिते, झाडाच्या फोटोसकट. बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर कातकरी बाया काकडं देतात, पण मुंबईत घेणाऱ्याला ती मागायची असतात हे कळत नाही.

न्यू जर्सीवाले दादा, फीड पूर्णच राहील.

शेवटचं विचारते: लेखाला टॅग (विषय सांगणारे शब्द) किती लावायचे? मी प्रत्येक लेखाला तीसेक लावते, भाजीची सगळी गावोगावची नावं धरून.

आकडेमोड

तिथेच अडतंय. टॅग आणि कॅटेगरी मिळून 15 च्या वर गेले की वर्डप्रेसचा रीडर ती पोस्ट टॅगच्या यादीत दाखवत नाही, स्पॅम समजून. गावोगावची नावं लेखाच्या मजकुरात लिहा, गूगलला ती तिथे सापडतात. टॅग 'मराठी', 'रानभाज्या', भाजीचं नाव, जिल्हा, असे पाच-सहा पुरे. जुन्या लेखांचेही कमी करा, सुरुवात शेवळांपासून.