सोन्यावरचा पेडॉट:पीएसएसचा थर सलाईनमध्ये सुटतोय

टिळकवाडी_प्रोजेक्ट:
ईईजीवरच्या (डोक्यावरून मेंदूचे विद्युत संकेत टिपणाऱ्या) बीसीआयसाठी, म्हणजे मेंदू-संगणक जोडणीसाठी, जेलशिवायचे इलेक्ट्रोड करायचेत. २५ मायक्रॉन पॉलिइमाइडवर (उष्णता सोसणारी प्लास्टिक फिल्म) सोन्याच्या २ मिमी टिकल्या. पीएच-१००० मध्ये (पेडॉट:पीएसएस या वीजवाहक पॉलिमरचं तयार द्रावण) वाहकतेसाठी ५ टक्के इथिलीन ग्लायकॉल, थर धरून ठेवायला १ टक्का जीओपीएस (जोडणारं सायलेन), नीट पसरायला थेंबभर डीबीएसए (साबणासारखं रसायन). हॉटप्लेटवर १४० अंश, २० मिनिटं. १ किलोहर्ट्झला इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) झकास, पण सलाईनमध्ये दुसऱ्या दिवशी कडेनं पापुद्रा सुटायलाय. जीओपीएस वाढवू काय?

उद्यमबागकर:
नको. जीओपीएसला धरायला पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल लागतं. सोन्यावर ते नाही, म्हणजे तिथं थर नुसता टेकलेला. वर पीएसएस पाणी पिऊन फुगतं, सोनं काही फुगत नाही, सगळा ताण कडेवर. जास्तीच्या जीओपीएसनं वाहकता तेवढी घटेल.

थर टिकलीच्या काठावर संपवू नकोस, पाव मिमी पॉलिइमाइडवर जाऊ दे. त्याआधी पॉलिइमाइडवर हायड्रॉक्सिल यावं म्हणून ऑक्सिजन प्लाझ्मा, आणि प्लाझ्मानंतर लगेच कोटिंग. फिल्म तशीच पडून राहिली की परिणाम उतरतो. जीओपीएस सगळ्यात शेवटी घाल, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ, त्याच दिवशी संपव. एका जाड थरापेक्षा दोन पातळ बरे. शेवटी १४० अंशांवर पुरा तास. गार झाल्यावर रात्रभर डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात ठेव, सुटा माल निघून जातो. मोजमाप त्यानंतर.

खानापूर_रोड:
हॉटप्लेटचा आकडा खरा धरू नका. पॉलिइमाइड तापलं की वळतं, मधे हवा शिरते, डिस्प्लेवर १४० आणि फिल्मवर बरंच कमी. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) फिल्मवरच लावून बघा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात कुठल्याही वर्कशॉपातून ॲल्युमिनियमची पट्टी फेस करून (मशीनवर सपाट करून) घ्या, फिल्म तिच्यावर कॅप्टॉन टेपनं (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) चारी बाजूंनी ताणून बसवा. आणि आपल्याकडचा जुलै! पॉलिइमाइडही ओल धरतं, कोटिंगआधी कोरी फिल्म १२० अंशांवर तासभर वाळवा.

दुसरं, १ किलोहर्ट्झ हा न्यूरॉनच्या स्पाइकसाठीचा रिवाज. ईईजीचं काम १ ते ४० हर्ट्झमध्ये. थर सुटायला लागला की तो आधी तिथं दिसतो, १ किलोहर्ट्झचा आकडा तोवर गोडच राहतो. १ हर्ट्झपासून वर एकेक फ्रिक्वेन्सीला इम्पिडन्स मोजत जा.

टिळकवाडी_प्रोजेक्ट:
प्लाझ्मा मशीन नाही हो. दुसरा मार्ग?

उद्यमबागकर:
पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचं व्होल्टेज-करंट ताब्यात ठेवणारं यंत्र) आहे ना? मग करंट देऊन थर सोन्यावरच वाढव. १०० मिली डीआय पाण्यात १०७ मायक्रोलिटर ईडॉट (ज्याचं पेडॉट बनतं ते द्रव रसायन), म्हणजे १० मिलिमोलर, आणि सोडियम पीएसएस साधारण २ ग्रॅम. ईडॉट पाण्यात जेमतेम विरघळतं. तेलासारखे थेंब तळाशी दिसले तर रात्रभर ढवळ. करंट ०.५ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंमी, तुझ्या २ मिमी टिकलीला सुमारे १६ मायक्रोअँपिअर, १० मिनिटं. व्होल्टेज सिल्व्हर/सिल्व्हर-क्लोराइड संदर्भ-इलेक्ट्रोडच्या तुलनेत १ व्होल्टच्या वर चढू लागलं तर करंट उतरव, नाहीतर थर जळल्यागत होऊन वाहकता जाते.

टिकली गुळगुळीत असेल तर हाही सुटेल. आधी सोनं थोडं खडबडीत कर.