पर्वरीहून पणजीला रोज सायकलने जायचे आहे: जोडपुलावरून जावे की बेतीच्या फेरीबोटीने?

पठारावरचा (प्रश्न)

नमस्कार. मी आल्त पर्वरीला राहतो आणि पणजीत 18 जून मार्गाच्या जवळपास एका कार्यालयात काम करतो. सध्या स्कूटरने जातो. सकाळी पुलाच्या तोंडाशी होणारी गर्दी आणि पणजीत पोहोचल्यावर स्कूटर उभी करायला जागा मिळेपर्यंत घालावे लागणारे वळसे यांचा कंटाळा आल्याने, एवढ्या थोड्या अंतरासाठी सायकल का वापरू नये, असा विचार गेले काही महिने मनात घोळत आहे. गिअरची साधी हायब्रीड सायकल घरात आहे आणि रविवारी सकाळी ती चालवण्याची सवयही आहे. मात्र रविवारची पहाट आणि सोमवारचे नऊ यांत किती फरक असतो, हे येथे कोणाला सांगायला नको.

माझा मुख्य प्रश्न मांडवी नदी ओलांडण्याविषयी आहे. मांडवीवरच्या तिसऱ्या, उंच पुलावर, म्हणजे पणजीच्या अटल सेतूवर, दुचाकींना प्रवेश नसल्यामुळे तो पर्याय उरतच नाही. जुन्या जोडपुलावरून (जाण्यायेण्यासाठी शेजारी-शेजारी असलेल्या दोन पुलांवरून) जावे, की खाली बेतीला उतरून फेरीबोट धरावी? त्याखेरीज, पावसाळ्यात हे जमते का, आणि कार्यालयात घामाघूम होऊन पोहोचण्यावर आपण काय उपाय करता, हेही जाणून घ्यायचे आहे. घरच्यांचा विरोध आहे, तेव्हा उत्तेजनापेक्षा खरी माहिती मिळाली तर बरे होईल.

रायबंदरचा

मी रायबंदरहून पणजीला सायकलने जातो आणि कामानिमित्त पर्वरीलाही अधूनमधून याच सायकलवरून जावे लागते, म्हणून दोन्ही बाजूंचा अनुभव सांगू शकतो.

घामाचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तुमच्या बाबतीत तो जवळजवळ नाहीच. पर्वरी पठारावर आहे आणि पणजी नदीकाठी, त्यामुळे सकाळी तुम्हाला उतार मिळतो आणि चढ लागतो तो संध्याकाळी घरी परतताना, जेव्हा सदरा भिजला तरी कोणाचे बिघडत नाही. दोनापावल्याच्या किंवा आल्तिनोच्या टेकडीवर नोकरी असलेल्यांच्या नशिबी हे सुख नसते. कार्यालयात एक जादा सदरा आणि टॉवेल ठेवा. पाठीवर सॅक घेऊ नका, कारण आपल्या हवेत घाम येतो तो नेमका तिच्याखाली. सामान मागच्या कॅरिअरवर बांधा.

आता पुलाविषयी. मार्ग ठरवताना आपण सगळे किलोमीटर मोजतो, पण सायकलस्वाराने मोजायचे असते ते दुसरेच काही: वाटेत अशा किती जागा आहेत, जिथे गाड्या डाव्या बाजूने आपल्यात येऊन मिळतात किंवा आपल्यासमोरून डावीकडे फुटतात. प्रत्यक्ष पुलावर वाहतूक एकाच दिशेने सरळ जात असते, कोणी वळत नाही, कोणी थांबत नाही, त्यामुळे तो भाग दिसतो तितका वाईट नाही. त्रास होतो तो पुलाच्या दोन टोकांना. मालीमपाशी खालचा रस्ता येऊन मिळतो तिथे, आणि पणजीच्या बाजूला, जिथे शहरात जाणारे आणि बसस्थानक, पाटो, फोंड्याकडे जाणारे वेगवेगळे होऊ लागतात तिथे. तिथे सायकलस्वार घाबरून अगदी कडेला चिकटला, तर मागचा चालक ‘याला इथे राहायचे आहे’ असे समजून उजवीकडून पुढे जातो आणि लगेच डावीकडे कापतो. त्याऐवजी शंभरएक मीटर आधीच मागे वळून पाहावे, हात दाखवावा आणि आपल्या मार्गिकेच्या मध्याजवळ यावे. मागचा हॉर्न वाजवील. वाजवू द्या, ज्याने हॉर्न वाजवला त्याने तुम्हाला पाहिलेले असते, आणि भीती बाळगायची ती न पाहणाऱ्याची.

दोन प्रकारच्या वाहनांकडे विशेष लक्ष ठेवा. पहिल्या म्हणजे खासगी प्रवासी बसगाड्या, ज्या पुढच्या थांब्यावरचे प्रवासी मागच्या बसला मिळू नयेत म्हणून तुम्हाला ओलांडून लगेच तुमच्यासमोर थांबतात. अशा बसच्या डावीकडून कधीही घुसू नका, कारण दरवाजा आणि उतरणारा प्रवासी दोन्ही त्याच बाजूला असतात. मागे थांबा, ती क्षणभरात निघते. दुसरी म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची वाहने. चालवणारा पर्यटक बहुतेक वेळा मोबाइलच्या नकाशाकडे पाहत असतो आणि वळण चुकत आहे असे वाटले की कसलाही विचार न करता वळतो. डिसेंबरच्या अखेरीस मी त्यांच्यापासून दोन गाड्यांचे अंतर ठेवतो.

रायबंदर ते पणजी हा आमचा बांध पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या कारकिर्दीत, 1633-34 च्या सुमारास बांधलेला, सुमारे तीन किलोमीटर लांब, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे. सपाट, सरळ आणि देखणा रस्ता आहे, पण अरुंद. आणि सरळ असल्यामुळेच गाड्या तिथे वेग घेतात. तुमच्या मार्गावर तो येत नाही, तरी सांगितले अशासाठी की निसर्गरम्य रस्ता सुरक्षित असतोच असे धरून चालू नये.

बेतीची मुलगी

वरील उत्तर पुलाविषयी उत्तम आहे, परंतु ज्यांना रोज जायचे आहे त्यांच्यासाठी फेरीबोट अधिक शहाणपणाची आहे, असे मला वाटते. मी लग्नाआधी बेतीहून पणजीला सायकल घेऊन जात असे आणि आता मुलाला घेऊनही जाते. महामार्गाचा संपूर्ण टप्पा त्यामुळे टळतो, आणि नदीवर श्वास घ्यायला जी काही मिनिटे मिळतात, ती पुलावर मिळत नाहीत.

मात्र फेरीबोटीचे स्वतःचे शिष्टाचार आहेत. रॅम्पवर शेवाळ असते आणि भरती-ओहोटीप्रमाणे त्याचा उतार बदलतो, म्हणून सायकलवरून उतरून, दोन्ही ब्रेक धरून चालत चढावे. गाड्या आणि स्कूटर आधी आत गेल्यावर कठड्याच्या बाजूला जागा घ्यावी आणि बोट काठाला टेकेपर्यंत सायकल सोडू नये. पणजीच्या धक्क्यावर उतरताना स्कूटरवाले एकाच वेळी इंजिने सुरू करून एकदम सुटतात. त्यांना जाऊ द्यावे आणि सर्वांत शेवटी बाहेर पडावे. एक मिनिट जाते, बाकी काही जात नाही.

पर्वरीहून बेतीला उतरण्यासाठी महामार्गाने मालीमपर्यंत येऊ नका. वस्तीतून, आल्त-बेतीच्या बाजूने खाली येणारे रस्ते आहेत. उतार तीव्र आहे आणि वळणांवर गुरे व कुत्री बसलेली असतात, म्हणून ब्रेक चांगले असू द्या.

म्हापशाचा जुना प्रवासी

तरुण मंडळींच्या उत्साहाचे कौतुक आहे, तरी थोडा विरोधी सूर लावतो. मांडवीवरचा पहिला पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, त्यानंतर 1992 साली नवा पूल खुला होईपर्यंत नदी ओलांडण्याचा बराचसा भार फेरीबोटींनी उचलला. त्या काळात बेतीला तिष्ठत उभा राहिलेला मी माणूस आहे. फेरीबोट ही वेळेची शाश्वती देणारी गोष्ट नव्हे. वादळी हवेत ती थांबते, दुरुस्तीला जाते, आणि समोरच निघून गेली तर पुढची येईपर्यंत उभे राहावे लागते. ज्यांना कार्यालयात ठरावीक वेळी हजेरी लावावी लागते, त्यांनी हे गृहीत धरावे.

दुसरे असे की पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे महामार्गावर जे वळसे, पत्र्यांचे आडोसे आणि मातीचे ढीग निर्माण झाले, त्यांत सायकलला सुरक्षित कड म्हणून काही उरत नाही. अशा ठिकाणी ‘मार्गिकेच्या मध्याजवळ या’ हा रायबंदरच्या मित्राचा सल्ला तत्त्वतः बरोबर असला, तरी मागे खडी भरलेला ट्रक असताना तो पाळण्याचे धैर्य नवशिक्याला होत नाही, आणि अर्धवट पाळला तर अधिक धोका होतो. प्रश्नकर्त्याने जून आणि जुलै या दोन महिन्यांत सरळ बसने जावे, असे माझे मत आहे.

रायबंदरचा

खडीच्या ट्रकाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. काम चालू असलेल्या टप्प्यात मीही महामार्ग सोडून वस्तीतल्या रस्त्यांनीच जातो, मग अंतर वाढले तरी चालेल. पावसाबद्दल मात्र पूर्ण सहमत नाही. जुलैतला जोराचा पाऊस निदान सर्वांना दिसतो आणि गाड्या आपोआप हळू होतात. त्याहून वाईट असतात ते जूनच्या सुरुवातीचे पहिले चार शिडकावे, जेव्हा रस्त्यावर साचलेले तेल आणि तांबडी धूळ एकत्र होऊन साबणासारखा थर तयार होतो. त्या दिवसांत सायकल घरी ठेवण्यात कमीपणा नाही.

पुलावर पावसाळ्यात खरी अडचण वाऱ्याची आहे. मांडवी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते आणि पूल दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे समुद्राकडून येणारा वारा बरोबर आडवा लागतो. ढगळ पोंचो घातला असेल तर त्याचे शीड होते आणि बाजूने बस गेली की सायकल हातभर सरकते. अंगाला बसणारे जॅकेट वापरा. पुलाच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या ओल्या असताना त्या सरळ काटकोनात ओलांडा, त्यांच्यावर ब्रेक दाबू नका आणि हँडल वळवू नका. गटारांवरच्या जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतील तर अरुंद टायर त्यांत अडकतो. पणजीत पाणी तुंबले की त्या दिसतही नाहीत, म्हणून साचलेल्या पाण्यातून कडेने जाऊ नये. रिम ब्रेक असतील तर ओल्या रिमवर ते उशिरा लागतात, तेव्हा उतरणीच्या सुरुवातीलाच ते हलके दाबून रिम पुसून घ्या. आणि आपली खारी हवा साखळी किती लवकर गंजवते, हे तर प्रत्येक गोवेकराला ठाऊक आहे.

बेतीची मुलगी

एक छोटी भर. घंटीऐवजी पोदेराकडे असतो तसा रबरी भोंगा लावा. पहाटे पाववाल्याची सायकल वाड्यावाड्यांतून फिरते, तो आवाज येथील प्रत्येकाच्या कानात बसलेला आहे. घंटी ऐकून न हलणारा माणूस भोंगा ऐकून मागे वळून पाहतोच. कोणी पाव मागितले, तर तेवढे सांभाळून घ्या.

पठारावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. महामार्ग हाच एकमेव रस्ता आहे असे धरून मी विचार करत होतो, त्यामुळे वस्तीतून बेतीला उतरण्याची सूचना सर्वांत मोलाची वाटली. काल संध्याकाळी तो उतार पायी पाहून आलो. दोन वळणांवर समोरचे दिसत नाही आणि एका ठिकाणी खडी पसरलेली आहे, पण गाड्या फारच कमी आहेत. सकाळी फेरीबोट आणि परतताना पूल, असे करावे का, अशी एक कल्पना सुचली आहे. कारण संध्याकाळी बेतीचा तो चढ माझ्याच्याने चढवेल असे वाटत नाही.

रायबंदरचा

उलट करा. सकाळी पुलावरची वाहतूक गर्दीमुळे रांगत असते आणि रांगणाऱ्या गाड्यांमध्ये सायकल सुरक्षित असते. संध्याकाळी उशीर झाला की पूल मोकळा होतो, गाड्या भरधाव सुटतात, अंधार पडलेला असतो, आणि पुलानंतर पर्वरीचा चढ लागतो, जिथे तुमचा वेग सर्वांत कमी आणि त्यांचा सर्वांत जास्त असतो. परतताना फेरीबोटच घ्या आणि बेतीच्या चढावर जिथे दम लागेल तिथे उतरून सायकल ढकला. मागचा लाल दिवा मात्र दिवसाही चालू ठेवा, आणि तो सीटखाली अशा उंचीवर लावा की कॅरिअरवरच्या सामानाने झाकला जाणार नाही.