मदत हवी आहे: सेटलमेंट हाऊसच्या फंडरेझरला मुलांचा शो ठेवायचाय

मंडळी, न्यूयॉर्कमधल्या एका सेटलमेंट हाऊसमध्ये, म्हणजे वस्तीतल्या लोकांसाठीच्या समाजकेंद्रात, मी व्हॉलंटियर करते. पाळणाघर, इंग्लिशचे क्लास, ज्येष्ठांचं जेवण आणि नाच-गाणं-नाटक, सगळं एकाच छताखाली. ही परंपरा जुनीच, इथल्याच हेन्री स्ट्रीट सेटलमेंटचं तर ग्रँड स्ट्रीटवर 1915 साली चक्क थिएटर उभं राहिलं होतं. पण आमच्याकडे आर्ट्स प्रोग्रॅमला पैसे कमी पडतायत म्हणून यंदा डिनर आणि त्यानंतर मुलांचा शो असं ठरतंय.

अडचण तिकिटाची. समजा तिकीट 150 डॉलर आणि जेवण वगैरे 60 चं, तर तिकीट घेणाऱ्याला देणगी म्हणून टॅक्समध्ये फक्त उरलेले 90 धरता येतात, आणि 75 च्या वर पैसे घेतले की हे त्याला लेखी कळवावं लागतं, इतपत समजलं. पण मुलांच्या शोची किंमत कशी धरायची?? फुकट धरायची का?

दुसरं गाण्यांचं. कलाकार-आयोजक कोणी पैसे घेत नसेल आणि उरलेला पैसा चॅरिटीलाच जात असेल तर गाण्यांना कॉपीराइटमध्ये सूट आहे, नाटकाला मात्र नाही. आम्ही तबलेवाल्याला मानधन देणार, मग सूट गेलीच ना? गाण्यांचं लायसन्स हॉलवाल्यांकडे असतं की आपण काढायचं?

आणि 150 चं तिकीट मुलांच्या आईवडिलांना कुठून परवडणार, मला तर ते बाहेर आणि डोनर आत हे अजिबात पटत नाही. रंगीत तालीम पालकांसाठी फुकट ठेवावी की त्याच दिवशी काही सीटा राखाव्यात? कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा, कमिटीची मीटिंग जवळ आलीये.