सलामीचा कीपर आणि ताजे पाय

'विकेटकीपरने कसोटीत सलामीला येऊ नये, दमतो' हे मत बरेच जण मांडतात, पण मला ते अर्धंच पटतं. भारताचा कीपर बुधी कुंदरनने १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध १९२ काढले, दुसरा भारतीय कीपर फारुख इंजिनियरने १९६७ला तिथेच वेस्ट इंडिजविरुद्ध लंचआधी ९४. दोघेही सलामीलाच. पण दोन्ही वेळा भारताची पहिली बॅटिंग होती, म्हणजे पाय ताजे! हे कुणी लक्षातच घेत नाही.

खरी परीक्षा आधी कीपिंग केल्यावर. आमच्या मडगावकडे एप्रिलच्या दमट हवेत डाव संपला की आतले ग्लोव्हज पिळून पाणी निघतं, आणि दहा मिनिटांत नव्या बॉलसमोर उभं राहायचं. त्यामुळे आमच्या क्लबात कीपर सलामीला जातो तो टॉस जिंकून बॅटिंग घेतली तरच. नाहीतर सरळ पाचव्या नंबरावर.